बिननावाची दवंडी

"कोणी बोलावलं यांना? ए डफडेवाल्या, तुला विचारतोय! कोणी बोलावली ही जत्रा?"

हेडमास्तर शाळेच्या फाटकात उभे राहून ओरडत होते. इतक्या जोरात की गळ्याचं बटण तुटून उडालं आणि फाटकाला बांधलेल्या केळीच्या खांबाला जाऊन लागलं. वर झेंडूचं तोरण. बाजूला रेल्वेच्या गार्डसाहेबाची बायको हातात गुलाबदाणी धरून उभी. कापसाच्या जिनवाल्या शेठची पोरं नुकतीच आत गेली होती. त्यांच्या डोक्यावर गुलाबपाणी, हातात खडीसाखर. आणि फाटकाबाहेर मी. गळ्यात डफडं. माझ्या मागं अख्खा महारवाडा.

"तुम्हीच बोलावलं, साहेब," मी म्हणालो. "मी फक्त ओरडलो."

ओरडणं हा माझा धंदा. बापाचा तोच, आज्याचा तोच. गावात दवंडी देणं हे आमच्या घराकडं. आणि गळा म्हणाल तर असा की पाचोऱ्याच्या बाजारात आरोळी मारली तर बोदवडच्या फलाटावर झोपलेला हमाल उठून गाडी आली का ते बघायचा. खोटं वाटत असेल तर त्या हमालालाच विचारलं असतं, पण तो मानमोडीत गेला. त्याला माझा इलाज नाही.

मानमोडी म्हणजे त्या साली आलेली तापाची साथ. विलायतेतली मोठी लढाई संपत आली होती आणि तिथं मरायची राहिलेली माणसं आमच्याकडं मरत होती. सकाळी मान दुखते म्हणायचं, परवा खांद्यावर. गावात इतकी मढी पडली की कावळे एका पिंडाला शिवायचे आणि दुसऱ्याला लांबूनच नमस्कार करायचे. नदीकाठच्या बाभळी चितांच्या सरपणात गेल्या. मग लोकांनी दारं मोडली, मग पाळणे. कोणी कोणाच्या दारात जाईना. सख्खा भाऊ भावाला हात लावीना.

मग हात लावायला कोण? आम्ही. गावातलं मेलेलं ढोर आम्हीच ओढायचं, तर मेलेलं माणूस तरी दुसरं कोण ओढणार? शेठच्या घरातलं ओढलं, पाटलाच्या वाड्यातलं ओढलं. हेडमास्तरांची म्हातारी आई गेली तेव्हा पेटी उचलायला मी होतो, आणि बारकू आबाचा लेक होता. दोघांनीच नेली चर्चच्या मागच्या जागेत. खड्डाही आम्हीच खणला. आबाचा लेक त्याच आठवड्यात पडला. त्याला नेताना मी होतो आणि त्याचा बाप होता.

हेडमास्तर हे फादरच्या धर्माचे. आम्हीही फादरच्या धर्माचे, माझ्या बापाच्या वेळेपासून. पण हेडमास्तर धर्म बदलताना आज्याची जात ट्रंकेत कापूर घालून सोबत घेऊन आले होते. सणासुदीला काढून ऊन द्यायचे. चर्चमध्ये त्यांचे बाक पुढं, आमची चटई मागं. शाळेत त्यांची पोरं वर्गात, आमची चार-पाच ओसरीवर. माझी सोनी त्या ओसरीवर बसून चौथ्या बुकापर्यंत गेली होती. ती गायची फार गोड. फादर म्हणायचा, हिला पुढं सिस्टरांच्या मोठ्या शाळेत पाठवू, मास्तरीण होईल. हे ऐकल्यापासून माझी बायको राही चुलीपुढं बसली तरी मास्तरणीची आई असल्यासारखी बसायची.

साथ ओसरली तसा फादरनं मला बोलावलं. चर्चच्या पायरीवर उभा राहून त्यानं दवंडी सांगितली. परदेशी माणूस, त्याची मराठी लंगडी, म्हणून शेजारी हेडमास्तर उभे राहून सांधत होते. "शाळा सोमवारी उघडते. सगळ्या कुटुंबांनी मुलांना घेऊन यावं. कोणी आजारातून उठलं असेल, कोणाचं माणूस गेलं असेल. सगळ्यांचं इथं स्वागत आहे." एवढं सांगून फादर त्याच दिवशी शिरपूरकडं निघून गेला. सातपुड्यातल्या पाड्यांवर साथ अजून पेटलेली होती, तिकडं औषध घेऊन.

आता आमच्याकडं दवंडीचा रस्ता ठरलेला असतो. चावडीपासून सुरू, पेठ, देवळाचा पार, बाजार, मग स्टेशनचा रस्ता, आणि संपली. महारवाड्यात दवंडी देत नाहीत. महारवाड्यातून दवंडी निघते, महारवाड्यात जात नाही. आम्हाला काही सांगायचं असेल तर कोणीतरी वेशीवर उभं राहून "ए, कोण आहे रे तिकडं" म्हणतं, तेवढं पुरतं. बापानं मला हा रस्ता पाठ करून दिला होता. माझे पाय झोपेतही त्याच रस्त्यानं चालले असते.

त्या दिवशी स्टेशनपर्यंत जाऊन आलो आणि पाय वळले घराकडं. डफडं गळ्यातून काढलंच नाही. महारवाड्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि असं वाजवलं की छपरांवरच्या चिमण्या उडून जळगावला गेल्या.

माणसं दारात आली. घाबरलेली. बारकू आबा काठी टेकत पुढं आला. "कोन मरी गया रे भाऊ?"

"कोनी नही मरनं, आबा. शाळा उघडी ऱ्हायनी."

"मंग आठे कसाले वाजाडस?"

"आपले बी बलायेल शे."

आपल्यालाही बोलावणं, हे काही आबाच्या कानाला पटेना. सत्तरी गाठलेला माणूस, जन्मात त्याच्या दारात दवंडी आली नव्हती. "खरं सांगस?" म्हणाला. मग म्हणाला, "परत वाजाड. नीट आयकू दे."

परत वाजवलं. शब्द न् शब्द सांगितला. कोणाचं माणूस गेलं असेल, सगळ्यांचं स्वागत आहे. आबा खालीच बसला.

मग काय विचारता! त्या रविवारी महारवाड्यात एवढे कपडे धुतले गेले की नदीला फेस आला, खालच्या गावच्या म्हशी तो दूध समजून चाटायला लागल्या. बायकांनी दिव्यातलं तेल काढून पोरांच्या केसांना लावलं. रात्री अंधार पडला तरी चालेल म्हणाल्या. आधी चार-पाच पोरं जायची, आता ज्यांनी शाळेकडं कधी तोंड केलं नव्हतं तेही निघाले. आबानं नातवाला, म्हणजे त्या गेलेल्या लेकाच्या पोराला, बापाचा सदरा कापून घातला. बाह्या तरी लोंबत होत्या.

सोमवारी मी पुढं वाजवत निघालो आणि मागं ही वरात. आणि फाटकात हेडमास्तर.

"सगळी कुटुंबं म्हणालात," मी म्हणालो. "ही पण कुटुंबंच आहेत."

तेवढ्यात शेठ फाटकापाशी आले. जाडजूड माणूस, चालले की जमीन विचार करायची. त्यांनी आमच्याकडं पाहिलंच नाही. हेडमास्तरांच्या कानाशी बोलले, पण माझ्यासारख्या ओरडणाऱ्याच्या कानाला कुजबुज जास्त ऐकू येते. "साथ यांच्याच वस्तीतून आली. ही पोरं आत बसणार असतील तर माझी बाहेर काढतो. आणि माझी निघाली तर पेठेतली एकही राहत नाही."

हेडमास्तरांचा चेहरा क्षणभर पडला. मग एकदम हसरा झाला. आवाज गोड. "या, या. मागच्या बाजूनं या सगळे. आरोग्याचं थोडं काम आहे, मग बसवू."

आम्ही मागं गेलो. हसत गेलो हो! पोरं तर नाचत गेली.

मागं विहीर. विहिरीपाशी बादल्या. बादल्यांत फिनेल कालवलेलं पांढरं पाणी. आणि शाळेच्या गुलाबांना पाणी घालायची पत्र्याची झारी. पट्टेवाल्यानं तोंडाला फडकं बांधलं होतं.

"पोरांना ओळीत बसवा. उकिडवे. डोळे मिटा म्हणावं."

सोनीला हेडमास्तरांनी हाताला धरून ओळीतून बाहेर काढलं. "ही आमची. हिला नको. हिला पुढं स्वागताचं गाणं म्हणायचंय." आणि तिला पुढच्या अंगणात घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "तू इथंच थांब. वाजव काहीतरी. जोरात वाजव."

"कशाला, साहेब?"

"पोरं रडतील. पुढं पाहुणे आहेत."

पट्टेवाल्यानं झारी उचलली. तेल लावलेल्या, विंचरलेल्या डोक्यांवर ते पाणी पडायला लागलं. धुतलेल्या कपड्यांवर पांढरे ओघळ. पहिल्या पोराला वाटलं खेळ आहे, तो खिदळला. मग डोळ्यांत गेलं.

"माय वं, डोया झोंबतस! माय वं!"

आया पुढं धावल्या. त्यांच्यावरही ओतलं. आबाचा नातू त्या लांब बाह्यांनी डोळे चोळत होता आणि बाह्याही फिनेलनं भिजलेल्या, म्हणजे जितकं चोळेल तितकं जास्त. आबा पट्टेवाल्याला हात जोडत होता. "बस करा साहेब, बस करा." पट्टेवाल्याला साहेब म्हणत होता.

आणि मी वाजवत होतो.

हात थांबतच नव्हते. कसे थांबणार? आज्यापासून हात असेच आहेत, कोणी वाजव म्हटलं की वाजतात. पुढून सोनीचा आवाज येत होता, या या बाळांनो देवाच्या घरी या. आणि मधे मी, एका बाजूला पोरीचं गाणं, दुसऱ्या बाजूला रडणं, आणि रडणं गाण्यापर्यंत पोचू नये म्हणून मधे बांधलेली भिंत. ती भिंत मी होतो. आयुष्यात मी कितीतरी थापा मारल्या आहेत, वाघाशी बोललो, भुताला कर्ज दिलं, आगगाडी खांद्यानं ढकलली. पण एवढा मोठा खोटेपणा माझ्या हातून कधी निघाला नव्हता. त्या डफड्यात शब्दही नव्हता, तरी खोटा.

तेवढ्यात आबानं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, हातांकडं.

मी हात काढून घेतला.

डफडं गप्प झालं आणि रडणं सुटलं. एकदम. भिंतीवरून गेलं, शाळेवरून गेलं, पुढच्या अंगणात जाऊन पडलं. गाणं मधेच तुटलं.

हेडमास्तर धावत आले. "का थांबलास?"

"हात दुखतात," मी म्हणालो.

त्यांनी मला बाजूला घेतलं. विहिरीच्या मागं, जिथं कोणाला दिसणार नाही. घाम पुसला. आणि पुन्हा तोच गोड आवाज. "हे बघ, तू शहाणा माणूस आहेस. यांना आता घरी ने. संध्याकाळी बाजारात एक दवंडी दे. साथ पुरती जाईपर्यंत महारवाड्यातल्यांनी शाळेत येऊ नये. एवढंच. तुझी पोर येईल. ती वर्गात बसेल, ओसरीवर नाही. पुढं सिस्टरांकडं जाईल. फादरना मी सांगतो."

"आणि नाही दिली तर?"

"तर मग तुझीही पोर महारवाड्यातलीच, नाही का?"

इतकं सरळ. मी त्या विहिरीच्या कठड्याला टेकलो. पुढं बंद, मागं बंद. राहीचा चेहरा समोर आला, चुलीपुढं ताठ बसलेली मास्तरणीची आई. पोरीनं ओसरीवर बसून, खिडकीतून कान लावून, चार बुकं गोळा केली होती. आणि या बाजूला ही भिजलेली माणसं, माझ्या एका आरोळीवर आलेली. पोरीचं तोंड गोड करायचं तर यांच्या तोंडात माती, आणि माती घालणारा गळा पुन्हा माझाच.

मला घाईघाईनं एकच सुचलं. धंद्यातलं. "कोणाच्या नावानं देऊ?"

"म्हणजे?"

"दवंडीला नाव लागतं, साहेब. सरकारच्या हुकमानं म्हणा, पाटलाच्या हुकमानं म्हणा, फादरच्या हुकमानं म्हणा. हुकूम कोणाचा ते आधी, मग हुकूम काय ते."

"नाव नको," हेडमास्तर पटकन म्हणाले. "साथीमुळं, असं म्हण."

"साथीचं नाव सांगून कोणी दवंडी देत नाही. साथ सही करत नाही."

"अरे, नुसतं ओरड!"

"बिननावाची दवंडी नसते, साहेब. बिननावाची आरोळी म्हणजे कुत्र्याचं भुंकणं."

त्यांनी आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते बघून घेतलं. पहिल्यांदा मला दिसलं की या माणसाला माझी भीती वाटते आहे. फिनेलच्या पाण्याला नाव नव्हतं, मागच्या दाराला नाव नव्हतं, ओसरीला नाव नव्हतं. आपोआप घडल्यासारखं सगळं चालायला हवं होतं, पाऊस पडतो तसं. आणि ते चालतं ठेवायला माझा गळा हवा होता. आमच्या गळ्यावाचून यांचं एक पान हलत नव्हतं, आणि आम्ही समजत होतो उलटं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "देतो."

घरी जाताना भिजलेली पोरं सोनीपासून लांब चालत होती. ती एकटी कोरडी. कोणी तिला काही बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं असावं, कारण वाटेत तिनं ओढ्याकाठी वाकून ओंजळीनं पाणी घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ओतलं.

संध्याकाळी बाजार भरला. मी मधल्या लिंबाखाली उभा राहिलो आणि वाजवलं. केळीवाले, कापूसवाले, बैलांचे दलाल, सगळे वळले. जिनमधले हमालही बाहेर आले.

"आयका हो आयका! शाळेच्या हेडमास्तरांच्या हुकमानं, आणि जिनवाल्या शेठच्या सांगण्यावरून! महारवाड्यातल्या पोरांनी शाळेत येऊ नये! ज्यांच्या बापांनी शेठच्या घरची मढी नेली, त्यांच्या पोरांनी येऊ नये! ज्याच्या बापानं हेडमास्तरांच्या आईची पेटी खांद्यावर नेली आणि आठवड्यात स्वतः गेला, त्याच्या पोराच्या डोळ्यांत आज फिनेल ओतलं! हुकूम हेडमास्तरांचा! आणि डफडेवाल्याच्या पोरीला एकटीला येऊ देणार आहेत. ती येणार नाही! हा हुकूम माझा, तिच्या बापाचा!"

दलालांची बोली मधेच थांबली. एक बैल तेवढा हंबरला. शेठची बग्गी कडेला उभी होती, ती निघून गेली. कोणी मला मारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाटलानं दवंडीचं काम काढून घेतलं आणि पेठेत कोणी मला साध्या मजुरीलाही उभं करेना.

मार परवडला असता, कारण खरा मार घरी होता. राही बोलेना. बाजारातली माझी दवंडी तिनं दारात उभी राहून ऐकली होती. गळाच तसा, घरापर्यंत पोचला. भाकरी टाकायची, पुढं सरकवायची, तोंड फिरवायची. पोरीचं आयुष्य मी तिला न विचारता बाजारात ओरडून टाकलं होतं. मी गोष्टी सांगितल्या, हसवायला बघितलं, वाघाची सांगितली, हमालाची सांगितली. ती चुलीत बघत बसली. आता ती कोणाच्या आईसारखी बसली होती ते मला कळेना. सोनी तिच्या बुकातली पानं उलटायची आणि मिटायची.

मला काय कळायचं ते कळलं होतं. हा गळा आता कोणाच्याही बिननावाच्या हुकमाला लागणार नाही. पाटील येवो, शेठ येवो, फादर येवो. ज्याला आम्हाला हाकलायचं असेल त्यानं स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं नाव घेऊन, भर बाजारात हाकलावं. पण हे मला कळलं होतं. राहीला काय कळलं होतं, ती सांगत नव्हती. आणि तिनं नाही म्हटलं असतं, पोरीचा हात धरून फाटकापाशी गेली असती, तर तिला अडवायला माझ्याकडं कुठला गळा होता?

मग फादर आला. सातपुड्यातून परतला तो सरळ महारवाड्यात. दाढी वाढलेली, स्वतःच तापातून उठलेला, पाय ओढत. राहीनं त्याला बसायला पोतं टाकलं. तो खाली बघत बोलला. त्याला फार वाईट वाटलं. हेडमास्तरांना तो बोलला होता. पण शेठ ऐकत नाहीत, पेठ ऐकत नाही, पोरं काढून घेतली तर शाळाच बंद पडेल. वेळ लागेल. बाकीच्यांसाठी थोडा धीर धरावा लागेल.

"पण तुमच्या सोनीची जागा मी ठेवली आहे," तो म्हणाला. "वर्गात. पहिल्या बाकावर. उद्यापासून पाठवा."

या वेळी मी राहीकडं वळलो. सोनीनंही आईकडं पाहिलं. दारात बारकू आबा उभा होता, तोही थांबला.

राहीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मंग रिकामीच ऱ्हाऊ द्या."